पंचवीस आठवडे

मंगळवार, ११ जून २०२४

आज सकाळी दहा वाजून पन्नास मिनिटांनी अन्याय झाला. वेळ मुद्दाम लिहून ठेवते. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या मदर इग्नेशियस म्हणायच्या, राग आला की आधी तारीख आणि वेळ लिहावी, मग उरलेलं आपोआप शहाण्यासारखं लिहिलं जातं. शाळा सोडून त्रेपन्न वर्षं झाली. वेळ लिहिली. शहाणपण अजून यायचंय.

कॉलेट बेकरीच्या मधल्या सुट्टीत आली, एप्रनसकट. माझ्या गेलेल्या बहिणीची, ॲगथाची, ही एकुलती एक मुलगी. सत्तावीस वर्षांची, सहावा महिना, नवरा नाही. जो होता तो लीड्सला गेलाय आणि तिथेच राहो. ती खुर्चीत बसली, सुजलेले पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवले आणि पाकीट माझ्याकडे सरकवलं.

"वाच. मी वाचलंय. ओरडू नकोस, मावशी, शेजारी अल्फ झोपलेला असतो या वेळी."

एकल्सवर्थ बेकरी कळवते की कॉलेट हॅलिवेल यांना बाळंतपणाची रजा मिळेल, पगार मिळणार नाही. कारण नियमानुसार सव्वीस आठवडे नोकरी झालेली हवी. त्यांची झालीय पंचवीस.

मी पस्तीस वर्षं सुईण होते. प्रेस्टनमधल्या निम्म्या कर्त्या माणसांना मी उलटं धरून पहिल्यांदा रडवलंय. तरी हा हिशेब मला तीनदा वाचावा लागला. बाळाची तारीख ज्या आठवड्यात पडते, त्याच्यापासून पंधरा आठवडे मागे जायचं. तिथे जो आठवडा येईल, तो संपेपर्यंत नोकरीचे सव्वीस आठवडे भरलेले हवेत. आणि आठवडा रविवारी सुरू होतो, शनिवारी संपतो; त्यात एक दिवस काम केलं तरी तो पूर्ण धरतात. कॉलेटच्या कागदावर तारीख आहे शनिवार, २१ सप्टेंबर. ती रविवार, २२ असती तर सगळं एक आठवडा पुढे सरकलं असतं आणि सव्वीस भरले असते.

एक दिवस!

आणि माझ्या हिशेबाने ती बावीसच आहे. माझं पुठ्ठ्याचं जुनं चक्र अजून कपाटात आहे. शेवटच्या पाळीची तारीख एका बाणाखाली आणायची, दुसऱ्या बाणाखाली बाळाची तारीख येते. मार्चमध्ये मी स्वतः फिरवून पाहिलं होतं. बावीस. कॉलेटला म्हटलंही होतं, रविवारचं बाळ आहे तुझं, चर्चमधली मिस्सा चुकवून येणार. ती त्या तारखेवर विसंबून राहिली. नंतर स्कॅनवाल्यांनी एकवीस काढली आणि आम्ही दोघी हसलो. एका दिवसाने काय होतं म्हणून.

"सरकारी भत्ता मिळेल," कॉलेट म्हणाली. "पण मला भाड्यासाठी जी मदत मिळते तिच्यातून तो पुरता वजा होतो. म्हणजे हातात काही नाही. म्हणजे नोव्हेंबरात परत कामावर." मग म्हणाली, "तेव्हा ते सात-आठ आठवड्यांचं असेल."

मी म्हटलं, तू काही करू नकोस, मी बघते. ती म्हणाली, "त्याचीच भीती वाटते."


बुधवार, १२ जून

दवाखान्यात गेले. दोन बस. कॉलेटच्या कागदावर सही सुमैया देसाईची आहे. ती शिकाऊ असताना माझ्या हाताखाली होती. आता केस पांढरे व्हायला लागलेत, पण मला पाहून अजून उठून उभी राहते.

"सिस्टर! बसा ना. चहा सांगू?"

"चहा नको. तारीख हवी. बावीस लिही."

तिने कागद पाहिला, माझ्याकडे पाहिलं, दार लावून घेतलं. "स्कॅनमध्ये एकवीस आहे, सिस्टर."

"माझ्या चक्रावर बावीस आहे. बाळ काय घड्याळ बघून येतं का? एक दिवस, सुमैया."

"स्कॅनची तारीख आली की चक्राची संपली. हे तुम्हाला मी सांगायचं?"

"तुला नाडी धरायला मी शिकवलं."

"हो. आणि दुसऱ्याच दिवशी मी रक्तदाबाचा आकडा अंदाजाने लिहिला, तर अख्ख्या वॉर्डासमोर मला तो खोडायला लावलात. म्हणालात, तुला जे बरं वाटतं ते लिहायला हे काय प्रेमपत्र आहे? मी संडासात जाऊन रडले होते. त्यानंतर आजवर अंदाजाने एक आकडा लिहिलेला नाही. आता तुम्हीच आलात मोडायला?"

मी म्हटलं, चांगलं शिकवल्याची ही फळं. ती हसली, पण कागदाला हात लावला नाही.

दारापर्यंत सोडायला आली. म्हणाली, "डोळा कसा आहे आता?" मी म्हटलं, डोळा उत्तम आहे, त्यातून दिसतंय ते बरं नाही. तेव्हा ती म्हणाली, "सिस्टर, या टोकाला काही होणार नाही. दुसऱ्या टोकाला बघा. कामाला नक्की कधी लागली ती?"

परतताना बसमध्ये डोळा लागला आणि दोन थांबे पुढे गेले. चालत आले. पाय दुखताहेत. उद्या बेकरी.


गुरुवार, १३ जून

भट्ट्यांच्या वर कचेरी आहे. जिन्यात लोण्याचा आणि मिरीचा वास. उद्याच्या बटर-पाईंची तयारी चालली होती. आत नुसता बटाटा आणि कांदा, मांसाचं नाव नाही, म्हणजे शुक्रवारी मांस न खाणाऱ्या आम्हा कॅथलिकांची सोय. आता शुक्रवार पाळणारे उरले नाहीत, पाई मात्र प्रोटेस्टंटसुद्धा खातात.

पगाराचं काम मिसेस प्रॉक्टर बघते. गोड बोलणारी बाई. असल्या बायकांचा मला आधीच संशय येतो.

"कामाला लागल्याची तारीख अठरा डिसेंबर आहे, मिस थ्रेलफॉल. सोमवार."

"तिच्या आधीच्या आठवड्यात लागली असती तर?"

"तर पगार मिळाला असता. आम्ही तिला अकरा तारखेलाच बोलावलं होतं. नाताळची गडबड होती, आम्हाला माणसं हवी होती." तिने फायलीतून एक कागद काढला. "तिनेच एक आठवडा पुढे ढकलून मागितलं. घरची अडचण म्हणून. हा बघा तिचा निरोप."

कॉलेटचंच लिहिणं. तेच तिरकं 'क'.

मी काही न बोलता जिना उतरले. हे माझ्या बाबतीत क्वचित घडतं.

दुपारी कॉलेटला फोन लावला. मागे भट्टीचा आवाज.

"आठवडा कशाला ढकललास?"

"कुठला आठवडा?"

"भोळेपणाचं सोंग नको. डिसेंबरचा. ते अकरा म्हणाले, तू अठरा मागितलीस. कसली अडचण होती तुला?"

मग म्हणाली, "होती अडचण. सोड ना, मावशी."

"सोड? मी दोन दिवस बसने वणवण फिरते आहे, ज्या सुईणीला घडवलं तिच्यासमोर नाक घासून आले, आणि तू म्हणतेस सोड?"

"मी सांगितलं होतं का फिरायला?" आणि फोन ठेवला.

आईवर गेली आहे. ॲगथाही अशीच. काम समोर आलं की तिचं काहीतरी निमित्त निघायचं. नाताळाच्या आधी एक आठवडा आणखी लोळायला हवा होता, सरळ आहे. आणि त्या लोळण्याची किंमत आता त्या पोराने मोजायची. मी आता थकले. ज्याचं त्याने बघावं.


शुक्रवार, १४ जून

काही केलं नाही. मागची खोली आवरली. शिवणयंत्र हलवलं, जुनी मासिकं बाहेर काढली, खिडकी पुसली. पगार नाही म्हणजे भाडं देता येणार नाही, म्हणजे फ्लॅट सोडावा लागेल, म्हणजे इथेच येणार दोघं. पाळणा खिडकीकडे ठेवता येईल. तिला बोलले नाही अजून. आधी माफी मागू दे.

फोन नाही.


रविवार, १६ जून

हे लिहायला चार तास लागले आहेत. मधे दोनदा उठले.

मिस्साहून आले ती गेल्या वर्षीची डायरी काढून बसले. त्या आठवड्यात कॉलेट काय करत होती ते माझ्याकडे तारीखवार लिहिलेलं असणार, म्हणजे तिच्या तोंडावर वाचून दाखवता येईल, असा विचार. लपवत नाही, हाच विचार होता.

९ डिसेंबरपर्यंत रोजचं आहे. १० ते १७ कोरं. मग १८ तारखेला, वाकड्यातिकड्या मोठ्या अक्षरात: 'आज पुन्हा लिहायला लागले. ओळी दिसतात. कॉलेट कामावर गेली. एकदाची. इतके दिवस आळसात घालवले. ॲगथाची मुलगी, दुसरं काय.'

वाचून मला समाधान वाटलं. बघा, तेव्हाच ओळखलं होतं मी.

डायरी घेऊन मागच्या अंगणात उन्हात बसले. अल्फ बोल्टन भिंतीपलीकडे कबुतरांची खुराडी धूत होता. जन्मभर बस चालवली, आता कबुतरं उडवतो. मला विनी म्हणतो. ते मला आवडत नाही हे त्याला एकोणीस वर्षं माहीत आहे.

"काय विनी, कुणाला फाशी द्यायचीय आज?"

मी सगळं सांगितलं. एक दिवस, सव्वीस आठवडे, आणि कॉलेटचा तो आठवडा.

"एका दिवसाने गेलं म्हणतेस. माझा निळा नर शर्यतीत अडीच सेकंदाने हरला तेव्हा हसली होतीस तू." मग त्याने पाण्याची नळी बंद केली. "कुठला आठवडा म्हणालीस?"

"अकरा ते सतरा डिसेंबर. काय करत होती ती, देव जाणे."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं तोंडाला काही लागलंय.

"अगं बाई, तुझा डोळा कधी कापला?"

"अकराला. सोमवारी."

"मग? दुसऱ्याने तुला भिंत आणि दार एकच दिसायचं. दिवसातून चार वेळा थेंब कोण घालत होतं तुझ्या डोळ्यात? मदर मेरी?"

मी म्हटलं, कॉलेट घालत होती, ते मला माहीत आहे की. पण ती तेव्हा मोकळीच होती.

"मोकळी!" तो म्हणाला. मग नळी गुंडाळायला लागला. अल्फ गप्प बसला की फार वाईट दिसतो.

ती मोकळी आहे असं मला तिने कधी सांगितलं नव्हतं. मी ते धरून चालले होते. ती रविवारी संध्याकाळी पिशवी घेऊन आली, मागच्या खोलीत शिवणयंत्राशेजारी गादी टाकून आठ दिवस राहिली, आणि मी तिला रोज सांगत होते की आता तरी एखादी नोकरी धर.

"पण दोन दिवस मी घातले हां थेंब," अल्फ म्हणाला. "दुपारचे. तिला बेकरीत बोलावलं होतं काही शिकायला. चारच्या थेंबाला आली तेव्हा भुवया पांढऱ्या होत्या. मी म्हटलं, काय ग, म्हातारी झालीस?"

आत येऊन हॉस्पिटलचे कागद शोधले. थेंबांचा तक्ता मीच आखायला लावला होता, वॉर्डातल्यासारखा: वार, वेळ, घालणाऱ्याची सही. सही नाही तर औषध दिलं नाही, असं मी डोळ्यावर पट्टी घेऊन कॉलेटला सुनावलं होतं. सगळीकडे 'कॉ. हॅ.' आहे. फक्त गुरुवार १४ आणि शुक्रवार १५ डिसेंबर, दुपारी बारा वाजता: 'अ. बो.'

अठ्ठावीस थेंबांच्या सह्या. त्यातल्या सव्वीस तिच्या.


सोमवार, १७ जून

कॉलेटच्या फ्लॅटवर गेले. माशांच्या दुकानावर दोन खोल्या, जिना उभा. मला धाप लागली तेव्हा तिने पाणी दिलं. मी पिशवीतून तक्ता काढून टेबलावर ठेवला.

तिने पाहिलं. "अजून ठेवलायस? तू काही टाकत नाहीस, नाही?"

"मला का सांगितलं नाहीस?"

"सांगून काय झालं असतं? तू मला काठी घेऊन कामावर हाकललं असतंस आणि थेंब स्वतः घातले असतेस. कानात."

"मी पस्तीस वर्षं..."

"दुसऱ्यांच्या डोळ्यांत, मावशी. स्वतःच्या डोळ्यात घालताना तू डोळा घट्ट मिटतेस. आणि वर म्हणतेस, बाटलीच खराब आहे."

हे खरं आहे. बाटलीही खराब होती.

मला जे म्हणायचं होतं ते म्हणता येईना. जिभेला सवय नाही. शेवटी मी विचारलं, त्या दोन दिवसांत बेकरीत नक्की काय केलंस?

"शिकवणी म्हणाले. दहा ते दोन. पहिला अर्धा तास हात कसे धुवायचे ते दाखवलं. मग एप्रन दिला आणि पाईच्या कडा मुडपायला बसवलं. दोन दिवसांत चार-पाचशे तरी झाल्या असतील."

"त्या पाईंचं काय केलं?"

"काय करणार? विकल्या. शुक्रवार होता."

"आणि तुला?"

"मला डझनभर दिल्या घरी न्यायला. त्यातल्या चार तू खाल्ल्यास. मीठ कमी आहे म्हणालीस."

मी वही काढली आणि हे सगळं लिहून घेतलं. तिच्या चेहऱ्यावर भीती दिसली. "मावशी, परत त्या कचेरीत जाऊन ओरडू नकोस. तू ओरडलीस की लोक तुला उत्तर देत बसतात, माझं काम तसंच राहतं. मला तिथे परत जायचंय नंतर. मिसेस प्रॉक्टर वाईट नाही. तिला त्या दोन दिवसांचं माहीतसुद्धा नसेल, ते खालच्या मुकादमाने केलं." मग पोटावर हात ठेवून म्हणाली, "मला ते पगारी रजेचे नऊ महिने हवेत. इथे, या खोलीत. दुसरं काही नको."

मी म्हटलं, नाहीच जमलं तर मागची खोली आवरून ठेवली आहे, पाळणा खिडकीकडे राहील.

"माहीत आहे. अल्फने सांगितलं. म्हणून तर पगार हवाय." आणि हसायला लागली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्यात एवढं हसण्यासारखं काय होतं, मला कळलं नाही. पण बरं वाटलं.

निघताना तिने माझ्या कोटाचं वरचं बटण लावलं. मी म्हटलं, मला लावता येतं. ती म्हणाली, "हो, माहीत आहे."


बुधवार, १९ जून

पत्राचे तीन मसुदे केले. पहिल्यातून कॉलेटने 'निर्लज्ज' दोनदा आणि 'दरोडेखोर' एकदा काढला. दुसऱ्यातून मदर इग्नेशियसना काढलं. तिसरा तिने दोनदा वाचला. मग म्हणाली, चौथा परिच्छेद नको, लोकांना कशाला सांगायचं. मी म्हटलं, तो राहणार. त्यावरून भांडलो. तो राहिला. खाली तिने सही केली, मग मी. उद्या सकाळी पोच घेऊन देणार आहे. नक्कल इथे उतरवून ठेवते.

श्रीमती प्रॉक्टर यांस,

१. बाळाची तारीख शनिवार, २१ सप्टेंबर ही आम्हाला मान्य आहे. ती बदलून घेण्याचा एक प्रयत्न मी केला, तो चुकीचा होता आणि फसला हे बरं झालं.

२. नोकरीची तारीख आम्हाला मान्य नाही. कॉलेट हॅलिवेल हिने गुरुवार १४ आणि शुक्रवार १५ डिसेंबर २०२३ रोजी सकाळी दहा ते दुपारी दोन तुमच्या बेकरीत, तुमच्या मुकादमाच्या सांगण्यावरून, तुमचा एप्रन घालून काम केलं. ज्या पाईंच्या कडा तिने मुडपल्या त्या तुम्ही विकल्या. ज्या कामाचा माल विकला जातो त्याला शिकवणी म्हणत नाहीत. त्या आठवड्यापासून मोजलं तर सव्वीस आठवडे भरतात.

३. सोबत शेजारी श्री. अल्फ बोल्टन यांचं सही केलेलं निवेदन आणि थेंबांच्या तक्त्याची प्रत जोडली आहे. त्या दोन दुपारी ती घरी नव्हती हे त्यावरून दिसेल. तुमच्या मुकादमाला विचारावं. तो खरं सांगेल असं कॉलेट म्हणते.

४. तुम्ही मला सांगितलंत की तिने एक आठवडा स्वतःहून पुढे ढकलला. ते खरं आहे. एका म्हाताऱ्या बाईचा डोळा कापला होता आणि तिला स्वतःला थेंब घालता येत नव्हते, म्हणून ती थांबली. ती बाई मी. हे तिने मला सहा महिने सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही. उलट ती आळशी आहे असं मी लिहून ठेवलं. आळशी ती नव्हती.

५. तरी १४ डिसेंबर ही तिची नोकरीची तारीख धरून तिला बाळंतपणाचा पूर्ण पगार मंजूर करावा. नाकारायचं असेल तर कारण लिहून द्यावं, म्हणजे ते आम्हाला, असे वाद सोडवणाऱ्या कर खात्याकडे निर्णयासाठी पाठवता येईल.

उत्तर लेखी हवं, आणि शुक्रवार, २८ जून, संध्याकाळी पाच वाजायच्या आत हवं. फोन करू नये. फोनवर मी जे बोलते ते तुम्हाला आवडणार नाही, आणि माझी भाची म्हणते, नंतर ते मलाही आवडत नाही.

कॉलेट हॅलिवेल
विनिफ्रेड थ्रेलफॉल